राब्बा कोणी घेतलं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुम्ही दोन वर्षं खपून एक काम उभं केलंत. उद्घाटनाच्या दिवशी संस्थेच्या प्रमुखांनी ते आपलंच म्हणून सांगितलं. तुमचं नाव कुठेच आलं नाही. पुढच्या रविवारी प्रवचन झालं ते नेमकं २ शमुवेल १२ मधल्या यवाबावर: सेनापतीने हाताशी आलेलं नगर स्वतः न घेता राजाला बोलावून घेतलं, निष्ठा असावी तर अशी. आता तुम्ही विचारता की पवित्र शास्त्र खरंच हे शिकवतं का, आणि मला वाईट वाटलं ते पाप आहे का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: नाही. पहिल्याला जरा वेळ लागेल.

तीस वर्षांहून जास्त काळ मी जुना करार शिकवतोय, त्यातली निम्मी वर्षं शमुवेलाच्या दोन पुस्तकांतच गेली असतील. या उताऱ्यावरची प्रवचनं ऐकून ऐकून एक सवय लागली आहे. काय सांगतायत याच्या आधी मी कोण सांगतंय ते बघतो. श्रेय सोडण्याची महती गाणारा माणूस बहुतेक वेळा श्रेय मिळणाऱ्यांपैकी असतो. तुमच्या धर्मगुरूंच्या मनात तसं काही नसेलही. पण उतारा अर्धाच वाचला की तो वरच्याच्या सोयीचा होतो, हे खरं.

तर उतारा. अम्मोनी लोकांशी युद्ध सुरू झालं ते एका अपमानावरून. त्यांचा राजा वारला म्हणून इस्राएलाच्या राजाने, दावीदाने, सांत्वनाला माणसं पाठवली. नव्या राजाने, हानूनने, त्यांना हेर समजून त्यांच्या अर्ध्या दाढ्या भादरल्या आणि अंगरखे कमरेपर्यंत कापून परत धाडलं (अध्याय १०). पहिल्या लढाईत पुढे अम्मोनी आणि मागे अरामी अशा कात्रीत यवाब सापडला. त्याने सैन्याचे दोन भाग केले, एक भाऊ अबीशयकडे दिला आणि दोन्हीकडून निभावून नेलं. पुढच्या वर्षी, ‘राजे लढाईला निघतात त्या सुमारास’, दावीदाने यवाबाला राब्बा नगराला वेढा घालायला पाठवलं आणि आपण यरुशलेमेत राहिला. अकराव्या अध्यायाचं हे पहिलंच वचन. राजे निघतात, आणि राजा घरी आहे. हिब्रू कथाकार टीका करत नाही, दोन वाक्यं नुसती शेजारी ठेवतो.

मग येते दावीदाने राजवाड्यात आणवलेली बथशेबा, यवाबाच्या सैन्यात लढणारा तिचा नवरा उरीया, आणि त्याचा जीव घेणारं ते पत्र. त्याच्याकडे नंतर वळू. बाराव्या अध्यायाच्या सव्विसाव्या वचनात आपण पुन्हा वेढ्यावर येतो. यवाबाने ‘जलनगर’ घेतलं आहे. राब्बा म्हणजे आजचं जॉर्डनमधलं अम्मान, आणि जुनं नगर तिथल्या गडाच्या टेकडीवर होतं. उंच, तीन बाजूंनी उतार, तटबंदी भक्कम, पण पाण्याच्या बाबतीत अडचणीचं. इ. स. पू. २१८ मध्ये तिसऱ्या अँटिओकसने याच गडाला वेढा घातला तेव्हाही असंच झालं. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो की कितीही हल्ले केले तरी गड पडेना. शेवटी एका कैद्याने पाण्याकडे उतरणारी भुयारी वाट दाखवली, ती बुजवल्यावर आतल्यांनी हात टेकले. तेव्हा ‘जलनगर घेतलं’ याचा अर्थ एखादं उपनगर मिळालं एवढाच नव्हे. पाणी हातात आलं, आता उरले ते काही दिवस. काम झालेलं होतं.

आणि इथे यवाब निरोप पाठवतो. हिब्रूच्या जवळ राहून सांगायचं तर: ‘मी राब्बाशी लढलो, जलनगरही घेतलं. आता तू उरलेले लोक गोळा कर, नगरासमोर तळ दे आणि ते घे. नाहीतर मीच नगर घेईन आणि त्यावर माझं नाव पुकारलं जाईल.’

हा निरोप मोठ्याने वाचून बघा. यात ‘महाराज’ नाही, ‘आपला दास’ नाही. शमुवेलात राजाशी बोलताना ‘माझा स्वामी राजा’ हे शब्द किती वेळा येतात ते बघितलंत तर त्यांची इथली गैरहजेरी कानाला टोचेल. गोळा कर, तळ दे, घे: तीन आज्ञा, सेनापतीकडून राजाला. आणि चौथं वाक्य धमकीच्या अगदी शेजारी बसतं. हिब्रूत क्रियापदातच कर्ता असतो, आपल्या ‘घेईन’मध्ये ‘मी’ असतो तसा. तरी यवाब वेगळं सर्वनाम घालतो: ‘अनी’. म्हणून मी ‘मीच’ असं भाषांतर केलं. नम्र माणसाने तो शब्द गाळला असता.

‘त्यावर माझं नाव पुकारलं जाईल’ हा हिब्रूत मालकीचा वाक्प्रचार आहे. यशया ४:१ मध्ये सात बायका एका पुरुषाला म्हणतात, आमचं आम्ही खाऊ, लेऊ, फक्त तुझं नाव आमच्यावर पुकारू दे. यिर्मया ७ मध्ये देव मंदिराबद्दल बोलतो तेव्हाही हेच शब्द: माझं नाव ज्यावर पुकारलं गेलं ते घर. तेव्हा यवाबाची बात बक्षिसाची किंवा कौतुकाची नाही. नगर कोणाचं, हा प्रश्न आहे. आणि दावीदाला तो नेमका कळणार, कारण यरुशलेमेला ‘दावीदपूर’ म्हणतात ते याच रिवाजाने.

आता गंमत बघा. यरुशलेम घेतलं कोणी? २ शमुवेल ५ वाचलंत तर दावीदाने घेतलं. १ इतिहास ११:६ वाचलंत तर दावीदाने जाहीर केलं होतं की यबूसी लोकांवर पहिला जो चालून जाईल तो सेनापती होईल, आणि पहिला चढला तो सरूवेचा मुलगा यवाब. म्हणजे ज्या नगरावर दावीदाचं नाव लागलं त्या नगरात आधी पाय टाकणारा यवाबच होता. शमुवेलाच्या पुस्तकात ते सांगितलेलंच नाही. राब्बाचा निरोप पाठवणारा माणूस या बाबतीत अनुभवी होता म्हणा.

एकदा हे धागे दिसायला लागले की जिकडेतिकडे दिसतात. क्षार खोऱ्यातला विजय घ्या. २ शमुवेल ८:१३ म्हणतं की अठरा हजारांना मारून परत येताना दावीदाने ‘नाव कमावलं’. १ इतिहास १८:१२ म्हणतं की ते अठरा हजार सरूवेच्या अबीशयने मारले. साठाव्या स्तोत्राचा मथळा म्हणतो की यवाबाने परतून बारा हजार मारले. एक खोरं, तीन नावं. गल्याथाचंही तसंच. दावीदाची गोष्ट लहान मुलालाही पाठ असते, पण २ शमुवेल २१:१९ मध्ये गल्याथाला मारणारा बेथलेहेमचा एलहानान आहे, आणि १ इतिहास २०:५ मध्ये त्याच एलहानानाने गल्याथाचा भाऊ लहमी याला मारलेलं आहे. यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. आपल्यापुरतं एवढंच: मोठ्या नावाकडे कामं ओढली जातात हे या ग्रंथांना ठाऊक आहे, आणि त्यांनी त्याच्या खुणा पुसून टाकलेल्या नाहीत.

यवाब हे कुठे शिकला असेल? मला वाटतं, दावीदाच्या आधीच्या राजाकडे, शौलाकडे बघून. १ शमुवेल १३:३-४ ही दोनच वचनं आहेत, त्यांवर प्रवचन मी अजून ऐकलेलं नाही. शौलाचा मुलगा योनाथान याने गेबातलं पलिष्ट्यांचं ठाणं मारलं. शौलाने देशभर शिंग फुंकलं. आणि सगळ्या इस्राएलाने ऐकलं की ‘शौलाने पलिष्ट्यांचं ठाणं मारलं’. झालं. योनाथान तक्रार करत नाही, कथाकार ‘हे खोटं’ म्हणत नाही. पण त्याने आधीच्या वाक्यात खरं लिहून ठेवलं आहे. पाच अध्याय पुढे याच शौलाच्या कानावर बायकांचं गाणं पडतं: शौलाने हजार मारले, दावीदाने दहा हजार. हिब्रू कवितेत हजार आणि दहा हजार ही जोडी ठरलेली आहे, दुसऱ्या ओळीत आकडा चढतोच. स्तोत्र ९१:७ मध्येही तुमच्या बाजूला हजार आणि उजव्या हाताला दहा हजार पडतात, तिथे कोणी तुलना करत नाही. त्या बायका बहुधा दोघांचंही कौतुकच करत होत्या. शौलाने ते हिशेबासारखं ऐकलं. ‘आता राज्याशिवाय त्याला काय मिळायचं राहिलं?’ त्या दिवसापासून दावीदावर त्याची नजर. पुढे भाले, पळापळ, रानावनातली वर्षं.

ही वर्षं दावीदाने काढली आणि यवाबाच्या घराला ती जवळून माहीत होती. सरूवा दावीदाची बहीण, म्हणजे यवाब त्याचा भाचा. सेनापतीचं गाणं राजापेक्षा मोठं झालं की काय होतं हे त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

तरी मी याला फक्त स्वतःला वाचवणं म्हणणार नाही. आणि इथे तुमच्या धर्मगुरूंना मी थोडं मानतो. यवाब खरोखर निष्ठावान आहे. प्रश्न एवढाच की कशाशी. अबशालोमाच्या बंडात दावीदाने सगळ्यांसमोर हुकूम दिला होता की पोराला जपा. यवाबाने तीन भाले त्याच्या छातीत खुपसले. मग राजा वेशीवरच्या खोलीत ‘अबशालोमा, माझ्या मुला’ म्हणून रडत बसला आणि जिंकलेलं सैन्य हरल्यासारखं मान खाली घालून गावात शिरलं. तेव्हा त्याच्या खोलीत घुसून यवाब म्हणतो: तुझा द्वेष करणाऱ्यांवर तू प्रेम करतोस, आणि प्रेम करणाऱ्यांचा द्वेष. आज आम्ही सगळे मेलो असतो आणि अबशालोम जगला असता तर तुला बरं वाटलं असतं. ऊठ, बाहेर जा, लोकांशी बोल, नाहीतर आज रात्री एक माणूस तुझ्याजवळ राहणार नाही. दावीद उठून वेशीत बसतो. राब्बाचा निरोप आणि हे बोलणं शेजारी ठेवा. तोच आवाज, त्याच आज्ञा. दोन्ही वेळा यवाब राजाला ओढून राजाच्या जागी नेऊन बसवतो. लोकांची मोजणी करायचं दावीदाच्या मनात येतं तेव्हाही तोंडावर विरोध करणारा हाच (२ शमुवेल २४:३). विरोध चालत नाही म्हणून नऊ महिने वीस दिवस फिरून मोजतो, आणि इतिहासाचं पुस्तक म्हणतं की राजाचा हुकूम किळसवाणा वाटला म्हणून लेवी आणि बन्यामीन मोजलेच नाहीत.

माझं वाचन असं आहे की यवाबाची निष्ठा सिंहासनाशी आहे. त्यावर बसलेल्या माणसाच्या इच्छेशी ती जुळतेच असं नाही. राब्बाच्या वेळी राजधानीत उरीयाच्या मरणाची कुजबुज नसेल असं मला वाटत नाही. नोकरांनी निरोप नेले-आणले होते, बाई राजवाड्यात आली होती, मूल झालं होतं. अशा राजाने लवकरात लवकर सैन्याच्या पुढे उभं राहिलेलं दिसणं गरजेचं होतं. यवाबाने तशी सोय केली. दावीद आला, नगर घेतलं, अम्मोनी राजाचा मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवला गेला. वजन एक किक्कार सोनं, म्हणजे तीसेक किलो. ताल्मुद या यहुदी ग्रंथातल्या गुरूंनाही प्रश्न पडला की एवढं मानेवर पेलायचं कसं. एकाने उत्तर दिलं की लोहचुंबकासारखा दगड तो वरून तोलून धरत होता. मला हे उत्तर फार आवडतं. त्या मुकुटाला वर धरणारं काहीतरी होतंच.

पण एक गोष्ट यवाबाने कधीच सोडली नाही: पद. शौलाचा सेनापती अबनेर दावीदाकडे आला आणि सेनापतिपदाला धोका दिसला, तेव्हा यवाबाने त्याला हेब्रोनाच्या वेशीत बाजूला घेऊन पोटात सुरा घातला. भाऊ असाएल याच्या खुनाचा सूड हे कारण होतंच, पण ते एकटंच होतं असं मानायला मी तयार नाही. अमासाला दावीदाने त्याच्या जागी नेमलं, तर गिबोनाच्या मोठ्या दगडापाशी ‘भाऊ, बरा आहेस ना?’ म्हणत, उजव्या हाताने दाढी धरून मुका घ्यायच्या मिषाने त्यालाही तसंच संपवलं. नगरावरचं नाव देऊन टाकणारा हाच माणूस. नाव देणं त्याला परवडत होतं, कारण सैन्य त्याच्या हातात होतं. तुमच्याकडे सैन्य नाही. तुमच्याकडे बहुधा नावच आहे, आणि पुढची नोकरी, पुढचं अनुदान, पुढची बढती त्या नावावर. म्हणून मी म्हणतो की यवाबाचा दाखला खालच्या माणसाला देताना दहादा विचार करावा.

आता ते पत्र. प्रवचनात ते येत नाही, कारण मुलंबाळं बसलेली असतात. उरीयाला दावीदाने घरी जायला सांगितलं, तर तो म्हणाला की कराराचा कोश आणि इस्राएल तंबूंत आहेत, माझा स्वामी यवाब उघड्या मैदानात आहे, मी घरी जाऊन खाऊ-पिऊ कसा. ताल्मुदात एक मत असं आहे की उरीया राजद्रोही ठरतो, कारण राजाच्या समोर त्याने यवाबाला ‘माझा स्वामी’ म्हटलं. दावीदाला सोडवण्यासाठी केलेला हा युक्तिवाद मला पटत नाही, पण त्यातून एक गोष्ट दिसते: राजासमोर सेनापतीचं नाव जरा मानाने घेतलं तर ते मरणाचं कारण ठरू शकतं, असं त्या गुरूंनाही वाटत होतं. मग पत्र उरीयाच्याच हाती गेलं. लढाई दाटेल तिथे याला पुढे करा आणि मागे सरा.

यवाबाने पत्र वाचलं आणि काम केलं. एकट्या उरीयाला सोडून मागे हटणं उघडं पडलं असतं, म्हणून त्याने तटाजवळ एक बेजबाबदार चाल केली आणि उरीयाबरोबर आणखी माणसं पडू दिली. मग निरोप्याला पढवलं: राजा रागावून म्हणेल की तटाच्या इतक्या जवळ का गेलात, तेबेसात अबीमलेखावर बाईने जात्याची तळी टाकली ते ठाऊक नाही का, तसं म्हणाला की सांग, तुमचा चाकर उरीया हित्तीही मेला. म्हणजे लढाईतल्या चुकीचा ठपका यवाबाने स्वतःवर ओढून घेतला, राजाचा गुन्हा त्याखाली झाकला, आणि वर राजाच्या रागाची संहिताही लिहून दिली. दावीदाचं उत्तर: मनाला लावून घेऊ नकोस, तलवार आज याला खाते, उद्या त्याला.

ही दोन्ही प्रकरणं एकाच वेढ्यातली आहेत. राजाला विजय देणारा हात आणि राजाचा खून अंगावर घेणारा हात एकच. अकरा आणि बारा हे अध्याय ‘पाठवणे’ या एका क्रियापदावर विणलेले आहेत. दावीद पाठवतो, बोलावून आणतो, पुन्हा पाठवतो. अकराव्याच्या एका सहाव्या वचनातच हा शब्द तीनदा येतो. मग देव नाथान संदेष्ट्याला पाठवतो. आणि शेवटी यवाब दावीदाकडे पाठवतो. पत्र पाठवून हुकूम सोडणारा राजा आता हुकूम घेऊन निघालेला दिसतो. यवाबापाशी पत्र होतं याची आठवण निरोपात नाही. गरजच नव्हती.

म्हणून तुम्हाला जे सांगायचं ते इथून निघतं. तुमच्या प्रमुखांनी काम आपलं म्हणून सांगितलं, हा एक प्रकार. उद्या त्यांनी न झालेला खर्च झाला म्हणून तुमची सही मागितली, तर तो दुसरा. प्रवचनात दोन्हींना एकच शब्द वापरतात, निष्ठा. पहिल्यात तुम्ही स्वतःचं काही सोडता, तो तुमचा निर्णय, राग आला तरी आणि सोडलंत तरी तुम्ही देवापुढे स्वच्छ. दुसऱ्यात सोडायला तुमचं काहीच नसतं, उरीयाचा जीव असतो. आणि पहिल्याची सवय लागलेल्या माणसाला दुसऱ्याच्या वेळी ‘नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही, हे मी चांगल्या माणसांच्या बाबतीतही पाहिलं आहे.

पहिल्याच प्रकारातही देणं आणि घेतलं जाणं यांत फरक आहे. गिदोनाची गोष्ट आठवा, शास्ते ८. लढाई त्याने केली, एफ्राइमी लोक मागून आले आणि आम्हाला का बोलावलं नाही म्हणून भांडायला उठले. गिदोन म्हणाला: अबियेजराच्या, म्हणजे माझ्या घराण्याच्या, द्राक्षतोडणीपेक्षा एफ्राइमाचा सरवा चांगला नाही का? तुम्ही तर त्यांचे सरदार पकडलेत, मी काय केलं? सरवा म्हणजे पीक काढून नेल्यावर रानात राहिलेलं, गोरगरीब वेचतात ते. शेतीवाल्या घरातल्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गिदोनाने आपल्या पदरचं दिलं, कोणी उचलून नेलं नाही, आणि एक यादवी टळली. राब्बाच्या वेळीही दावीदाने मागितलं नव्हतं, यवाबाने देऊ केलं. तुमच्या उद्घाटनाच्या दिवशी तुम्ही निरोप पाठवला होता का? नसेल तर तुमचा दाखला यवाब नव्हे, तुमचा दाखला गेबाचं ठाणं आणि शौलाचं शिंग. तो उतारा प्रवचनाला घ्या म्हणून सुचवून बघा.

माझंही सांगतो, नाहीतर मी नुसता वरून बोलतोय असं होईल. तरुणपणी एका ग्रंथाचं मराठी भाषांतर मी केलं आणि छापून आलं ते वरिष्ठांच्या नावावर. प्रस्तावनेत माझे आभार होते, ‘मुद्रितं तपासल्याबद्दल’. कित्येक वर्षं ते माझ्या घशात अडकलं होतं. मग एकदा माझ्याच एका विद्यार्थिनीने विलापगीतांवरच्या टिपणांत एक निरीक्षण लिहिलं होतं, ते मी तीन ठिकाणी व्याख्यानांत वापरलं. चौथ्या ठिकाणी ती समोर बसली होती. तिने काही म्हटलं नाही. मी शिंग फुंकून मोकळा झालो होतो, आणि मला कळलंही नव्हतं. त्यानंतरच्या प्रत्येक व्याख्यानात तिचं नाव घेतो. ती आता स्वतः शिकवते.

नाव घेण्याबद्दल एस्तेरच्या पुस्तकात एक छोटं वाक्य आहे, २:२२. राजाला मारायचा कट मर्दखयाला कळला, त्याने एस्तेरला सांगितलं, आणि एस्तेरने राजाला ‘मर्दखयाच्या नावाने’ सांगितलं. ती राणी होती, स्वतःच्या नावावर खपवलं असतं तर कोणी विचारणारं नव्हतं. या दोन शब्दांवरून यहुदी गुरूंनी नियम काढला: जो एखादी गोष्ट सांगणाऱ्याचं नाव घेऊन सांगतो तो जगाला मुक्ती आणतो. कथेत तसंच होतं. गोष्ट बखरीत नोंदली जाते, विसरली जाते, आणि एका रात्री राजा अहश्वेरोशाला झोप येत नाही म्हणून ती बखर वाचली जाते. ‘याबद्दल मर्दखयाला काय मान दिला?’ ‘काही नाही.’ तिथून सगळं फिरतं. मर्दखयाने मधल्या काळात श्रेय मागितलं नव्हतं. पण नोंद होती.

म्हणून प्रत्यक्षात काय करावं, तर भांडण करायच्या आधी नोंद करा. कामाचा अहवाल तुमच्या नावाने, तारखांसह, संस्थेच्या कागदपत्रांत जाऊ द्या, ज्यांनी मदत केली त्यांची नावं त्यात आधी घाला. मग प्रमुखांना एकट्यात भेटून साध्या शब्दांत सांगा की त्या दिवशी माझं नाव आलं नाही याचं मला वाईट वाटलं. अनेकदा समोरच्याच्या ते खरंच ध्यानात आलेलं नसतं, मी माझंच उदाहरण दिलं. ध्यानात असूनही केलं असेल तर त्यांच्या चेहऱ्यावर कळेल, आणि पुढच्या कामात हात किती घालायचा ते तुम्ही ठरवाल. माणूस सोडून जाणं हीही निष्ठेशी बेइमानी नव्हे. दावीद शौलाला सोडून गेला, पण गुहेत हातात सापडलेल्या शौलावर त्याने हात टाकला नाही.

शमुवेलाचा लेखक काय करतो तेही बघा, कारण तो या धंद्यातला माझा गुरू आहे. मुकुट तो दावीदालाच देतो, ‘दावीद राब्बाला गेला, लढला आणि ते घेतलं’ असंच लिहितो. पण त्याच्या आधी यवाबाचा निरोप शब्दशः ठेवतो. इतिहासकाराने हाच प्रसंग दोन वचनांत सांगितला (१ इतिहास २०:१-२): दावीद यरुशलेमेत राहिला, यवाबाने राब्बा मारलं, दावीदाने मुकुट घेतला. निरोप गाळला, उरीया गाळला. परिणाम असा की तिथे दावीद घरी बसूनच मुकुट घालून घेतो की काय, असं वाचणाऱ्याला वाटतं.

यवाबाचा शेवट १ राजे २ मध्ये आहे. मरताना दावीदाने शलमोनाला सांगितलं की त्याचं पिकलं डोकं शांतीने अधोलोकात जाऊ देऊ नकोस, आणि कारणं दिली दोन, अबनेर आणि अमासा. उरीयाचा उल्लेख नाही. कसा असेल? वेदीची शिंगं धरून उभा असताना बनायाने त्याला मारलं आणि त्याच्याच जागेवर बनाया सेनापती झाला.

शूरांची यादी २ शमुवेल २३ मध्ये आहे. त्यात यवाबाचं नाव तीनदा येतं: अबीशय, यवाबाचा भाऊ, असाएल, यवाबाचा भाऊ, नहराय, यवाबाचा शस्त्रवाहक. यवाब स्वतः यादीत नाही. का, यावर मतं अनेक आहेत. सेनापती म्हणून तो यादीच्या वर होता असं काही म्हणतात, ते शक्य आहे. यादीचं शेवटचं नाव मात्र वर्गात मी कधी स्वतः वाचत नाही, कोणाला तरी वाचायला सांगतो. एकोणचाळिसावं वचन: ‘उरीया हित्ती. सगळे मिळून सदतीस.’

तुमच्या धर्मगुरूंना विचारा, पुढच्या वेळी वाचन बारा-सव्विसाऐवजी अकराच्या पहिल्या वचनापासून करता येईल का. लांब आहे, साधारण दहा मिनिटं लागतात.